गुईडक: सोंडवाल्या मोठ्या शिंपल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिॲटल, टकोमा, ऑलिंपिया आणि व्हँकुव्हर भागातल्या मराठी मंडळींकडून, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणाऱ्या आईवडिलांकडूनही, या प्राण्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. खणण्याबद्दल जे लिहिलं आहे ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यापुरतं आहे. किनारे उघडतात, बंद होतात, नियमही बदलतात. त्यामुळे निघण्याच्या दिवशी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचं आणि आरोग्य विभागाचं संकेतस्थळ पाहायलाच हवं.

१. गुईडक म्हणजे नक्की काय? नावात डक आहे म्हणजे बदक का?

बदकाशी काहीही संबंध नाही. हा शिंपला आहे, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच मोठ्या कुळातला दोन शिंपांचा प्राणी. फक्त आकार भलताच. शिंप १५ ते २० सेंटीमीटर लांब आणि तिच्यातून बाहेर आलेली मांसल नळी ताणली तर एक मीटरपर्यंत जाते. वजन साधारण पाऊण ते एक किलो भरतं, साडेचार किलोंच्या पुढचेही सापडलेले आहेत. वाळूत पुरून राहणाऱ्या शिंपल्यांमध्ये याच्याएवढा मोठा दुसरा नाही. शास्त्रीय नाव पॅनोपिया जनरोसा.

त्या नळीला इथे बहुतेक जण ‘मान’ म्हणतात. पण त्या टोकाला डोकं नाही. एका नळीत दोन मार्ग असतात: एकातून पाणी आत येतं, त्यातलं सूक्ष्म प्लवक प्राणी गाळून खातो, दुसऱ्यातून उरलेलं पाणी बाहेर जातं. खाली आपणही सोयीसाठी मानच म्हणू.

२. स्पेलिंग ‘जिओडक’ असं आहे, मग सगळे ‘गुईडक’ का म्हणतात?

कारण मूळ शब्द इंग्रजी नाही. सिॲटलजवळच्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याच्या काठच्या मूळ रहिवाशांची लशूटसीड भाषा, तिच्यातला हा शब्द, आणि तो ऐकायला ‘ग्विडक’च्या जवळ जातो. इंग्रजीत लिहिताना त्याला जे स्पेलिंग चिकटलं त्याचं उच्चाराशी कधीच पटलं नाही. ‘जिओडक’ म्हटलंत तर मासळीवाला समजून घेईल, पण तुम्ही नवखे आहात हेही त्याला कळेल.

अर्थाबद्दल दोन मतं आहेत. ‘खोल खण’ असा अर्थ सर्वत्र छापलेला दिसतो. दुसरं मत असं की शब्दाचा शेवटचा भाग जननेंद्रियाचा वाचक आहे आणि नाव आकारावरून पडलं. दोन्ही अर्थ एकाच वेळी खेळवणारा चावट शब्द असावा, असंही काही अभ्यासक मानतात. प्राणी एकदा पाहिला की दुसरं मत फार ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

३. चिनी आणि जपानी हॉटेलांत याला काय म्हणतात? मराठी नाव आहे का?

चिनीत श्यांग-बा-बांग, म्हणजे हत्तीच्या सोंडेचा शिंपला. जपानी सुशीवाल्याकडे जरा घोळ होतो. ‘मिरुगाई’ हा मुळात वेगळा शिंपला, प्रश्न ७ मधल्या हॉर्स क्लॅमचा भाऊबंद. गुईडकला तिथे ‘शिरो-मिरु’ म्हणजे पांढरा मिरु म्हणतात. पण अमेरिकेतल्या मेनूकार्डांवर मिरुगाई लिहून गुईडक वाढणं सर्रास चालतं. फरक पडत असेल तर विचारून घ्या.

मराठी नाव नाही, कारण प्राणी आपल्या पाण्यात नाही. ‘मोठं कालव’ म्हणू नका. कालव खडकाला चिकटतं, हा वाळूत राहतो. गुईडकच म्हणावं.

४. जुन्या पुस्तकात नाव पॅनोपिया अब्रप्टा असं दिलंय. तो वेगळा प्राणी का?

प्राणी हाच, नाव चुकीचं. अब्रप्टा हे एका जीवाश्म जातीचं नाव. ते बरीच वर्षं जिवंत गुईडकला लावलं जात होतं. २०१० मध्ये ही गल्लत शास्त्रीय नियतकालिकातून दुरुस्त झाली आणि १८५० मध्ये दिलेलं ‘जनरोसा’ हे नाव परत आलं. १९८०-९० च्या काळातले अहवाल वाचताना अब्रप्टा दिसलं तर जनरोसा समजून वाचा.

५. हा कुठे सापडतो? कोकणात किंवा गोव्यात मिळेल का?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आग्नेय अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. सगळ्यात दाट वस्ती वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंडमध्ये आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात. न्यूझीलंड, जपान, अर्जेंटिना आणि भूमध्य समुद्रात याच कुळातल्या दुसऱ्या जाती आहेत.

रत्नागिरी, मालवण किंवा मडगावच्या बाजारात हा मिळत नाही. तिथल्या तिसऱ्या आणि खुबे वाळूत-चिखलात काही बोटंच खोल असतात, हाताने किंवा कोयत्याच्या टोकाने निघतात. पूर्ण वाढलेला गुईडक ६० ते ९० सेंटीमीटर खाली असतो. कोकणात शिंपले काढलेल्या माणसाचा अंदाज इथे पहिल्या दिवशी चुकतो तो या खोलीमुळेच.

६. हा दीडशे वर्षं जगतो हे खरं का? वय मोजतात कसं?

खरं आहे. १६८ वर्षांच्या गुईडकची नोंद आहे, आणि शंभरी ओलांडलेले सापडणं ही काही अपूर्वाई नाही. शिंपेवर दर वर्षी वाढीची एक रेघ पडते. बाहेरच्या बाजूला त्या रेघा झिजतात, म्हणून मोजणी मिजागरीच्या जाड भागावर करतात. तो भाग कापून, घासून, त्याचा ठसा ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यावर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजतात. उबदार वर्षी रेघ रुंद, थंड वर्षी अरुंद. त्यामुळे समुद्राच्या जुन्या तापमानाचा अंदाज बांधायलाही या शिंपा वापरतात.

आकारावरून वय सांगता येत नाही, हे लक्षात असू द्या. लांबीची जवळजवळ सगळी वाढ पहिल्या दहा वर्षांत होऊन जाते, पुढे शिंप फक्त जाड होत राहते. एक किलोचा गुईडक बारा वर्षांचा असेल किंवा नव्वद वर्षांचा. दीर्घायुष्याचं गुपित खोलीत आहे: पिल्लांना खेकडे, गोगलगायी आणि तारामासे खातात, पण एकदा तो मीटरभर खाली गेला की समुद्री पाणमांजर आणि माणूस सोडून त्याला फारसं कुणी गाठत नाही.

७. वाळूतल्या छिद्रावरून गुईडक कसा ओळखायचा? मी खणलं तर भलताच शिंपला निघाला.

तो बहुधा हॉर्स क्लॅम असणार. नव्वद टक्के घोळ याच्याशी होतो, कारण तोही मोठा, त्यालाही मान आणि राहतोही शेजारीच.

टोकाला पाहा. हॉर्स क्लॅमच्या मानेच्या टोकावर चामड्यासारखे कडक पट्टे असतात, बऱ्याचदा त्यांवर शेवाळ वाढलेलं असतं, आणि आत डोकावलं तर छिद्राच्या कडेला झालर दिसते. गुईडकचं टोक गुळगुळीत, मऊ, फिकट, दोन छिद्रं स्पष्ट, झालर नाही. टोक वर आलेलं नसेल तर बोट घालून बघा: कडक लागलं तर हॉर्स क्लॅम, मऊ रबरी लागलं तर गुईडक. डिवचल्यावर दोघंही पाणी उडवतात, म्हणून पिचकारीवरून काही ठरवू नका.

वर निघाल्यावर शंका राहतच नाही. गुईडकचं अंग शिंपेत मावत नाही. दोन्ही शिंपा मिटल्या तरी चारी बाजूंनी फट राहते आणि मान तर आत जातच नाही.

८. परवाना कुणाला लागतो? भारतातून आलेल्या आईबाबांनाही?

१५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही. वर्षाचा शेलफिश परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च चालतो. राज्याबाहेरच्या माणसाला तो महाग पडतो, म्हणून पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांचा संयुक्त (म्हणजे मासे आणि शिंपले दोन्हींचा) परवाना घेणं परवडतं. मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. १५ वर्षांखालच्या मुलांना परवाना नको, पण मर्यादा त्यांनाही लागू.

मर्यादा माणशी दिवसाला ३ गुईडक. किमान आकाराची अट नाही, पण जे पहिले तीन निघतील तेच तुमचे, लहान असोत की फुटके. लहान टाकून मोठा शोधत बसणं बेकायदा आहे. का, ते प्रश्न १२ मध्ये.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या नियमात. प्रत्येकाने आपले शिंपले स्वतः खणायचे आणि आपल्या वेगळ्या बादलीत ठेवायचे. बाबांनी परवाना काढला, खुर्ची टाकून बसले आणि मुलाने सहा काढले, तर तीन मुलाचे आणि तीन गुन्हा. अपंगत्वामुळे खणता येत नसेल तर विभागाकडून आधी तशी परवानगी घेऊन दुसऱ्याने खणून देण्याची सोय आहे, पण ती जागेवर तोंडी मिळत नाही. दोघांनी मिळून एक खड्डा खणायला हरकत नाही. निघालेला गुईडक कुणाच्या खात्यात जाणार एवढं आधी ठरलेलं असावं.

९. कोणत्या दिवशी जावं? अमावास्या-पौर्णिमा बघून चालेल का?

अर्धंच चालेल. उधाणाचं गणित इथेही आहे, पण प्युजेट साउंडमध्ये दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक बरीच खाली जाते, दुसरी मध्येच थांबते. या दोघींतला फरक चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ठरतो. जूनच्या आसपास अमावास्या-पौर्णिमा आणि चंद्राचं हे दूर जाणं एकाच वेळी जुळतं, तेव्हा सगळ्यात खोल ओहोट्या मिळतात. डिसेंबरमध्येही जुळतं, पण तेव्हा खोल ओहोटी रात्री येते. मार्च आणि सप्टेंबरच्या अमावास्येला उधाण असूनही किनारा म्हणावा तितका उघडा पडत नाही.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात ‘उणे दोन फूट’ किंवा त्याखालचा आकडा शोधा. शून्य म्हणजे रोजच्या खालच्या ओहोटीची सरासरी. गुईडकची मुख्य वस्ती कायम पाण्याखाली असते, किनाऱ्यावर आपल्याला तिचा फक्त वरचा काठ भेटतो, आणि तोही उणे दोनच्या खालीच. असे दिवस महिन्यात थोडेच असतात. एप्रिल ते ऑगस्ट ते दिवसाउजेडी येतात. श्रावण पाळणाऱ्यांनी मे-जून साधावेत.

आणखी दोन गोष्टी. तक्ता त्याच किनाऱ्याचा बघा, सिॲटलचा नव्हे. ऑलिंपियाला पाणी सिॲटलच्या मागाहून उतरतं. आणि थंडीत गुईडक मान आत घेऊन स्वस्थ असतात, छिद्रं दिसतच नाहीत. वस्ती असलेल्या किनाऱ्यावरही माणूस रिकाम्या हाताने परततो.

१०. खणायचा कसा? दर वेळी खड्डा ढासळतो.

ढासळणारच. खालची वाळू पाण्याने भरलेली असते. त्यावर उपाय पिंप. दोन्ही बाजूंनी उघडं, साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर रुंद आणि ६० ते ९० सेंटीमीटर उंच. प्लास्टिकच्या मोठ्या कचरापेटीचा तळ कापला तरी काम होतं. शिवाय एक अरुंद पात्याचं फावडं, एक लहान डबा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. पाण्याचा पंप लावून खणायला हौशी माणसाला परवानगी नाही, अवजार हाताने चालणारं हवं.

तक्त्यात दिलेल्या सगळ्यात खालच्या ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोहोचा आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे जा. छिद्र ठरलं की (प्रश्न ७) पिंप असं ठेवा की मान मध्यभागी येईल. पिंप डावी-उजवीकडे फिरवत दाबा, आतली वाळू काढा, पुन्हा दाबा. पहिला फूटभर फावडं चालेल. त्यापुढे फावडं बाजूला ठेवायचं, कारण शिंप पातळ असते आणि पात्याच्या एका फटक्यात फुटते. नंतर डबा आणि हात.

मान हाताला लागते तिथून पुढे ती फक्त वाट दाखवते. तिला धरून ओढायचं नाही. तिच्या कडेने बोटं सरकवत शिंपेपर्यंत जा, शिंपेच्या दोन्ही बाजूंची वाळू मोकळी करा, शिंपेखाली बोटं घाला आणि हलवत हलवत वर घ्या. गुईडक पळून जात नाही. मोठ्याचा पाय इतका लहान असतो की त्याला खाली सरकता येत नाही. मान आक्रसते म्हणून तो पळतोय असं वाटतं, आणि माणूस घाईने खेचतो. तिथेच ती तुटते.

पालथं पडून हात खांद्यापर्यंत खड्ड्यात घालावा लागतो, म्हणून एकट्याने जाऊ नये. एकाचं लक्ष पाण्याकडे असू द्या. डोकं खड्ड्याच्या काठाखाली कधीच नको. पिंप न लावता मीटरभर खोल खड्ड्यात लहान मुलाला उतरवणं तर मुळीच नको. पाणी वळलं की अर्धवट खड्डा सोडून द्यायचा.

निघताना खड्डा बुजवा. नियम आहेच, आणि त्याचं कारणही आहे: बाजूला पडलेल्या ढिगाखाली इतर लहान शिंपले गुदमरतात.

११. मान तुटली. आता काय?

तो तुमच्या तिनांतला एक झाला. खणत राहून उरलेलं अंगही बाहेर काढा. नुसती मान बाळगणं बेकायदा आहे, तपासनीस बादलीत बघतात. तुटलेला गुईडक वाळूत सोडला तरी जगत नाही. खायला तो चांगलाच असतो, फक्त त्याच दिवशी साफ करा. जखमेतून पाणी आणि रस जात राहतो, फ्रिजमध्ये तो टिकत नाही.

१२. अगदी लहान निघाला तर परत पुरला तर जगेल ना?

नाही. खाली जाण्याचं काम पिल्लू असताना, पाय मोठा असताना होतं. जसजसा वाढतो तसतसा पाय लहान राहतो. वर टाकलेला गुईडक आडवा पडून राहतो आणि खेकड्यांना, पक्ष्यांना सापडतो. तुम्ही उभा ठेवून वाळू लोटलीत तरी मान वर पोहोचण्याची खात्री नाही. ‘पहिले तीन ठेवा’ हा नियम यासाठीच आहे.

१३. विषबाधेचं काय? नीट शिजवलं तर भीती नाही ना?

शिजवण्याचा इथे उपयोग नाही. अलेक्झांड्रियम नावाच्या सूक्ष्म शैवालापासून सॅक्सिटॉक्सिन हे विष शिंपल्यांत साठतं. ते उकळून, तळून, गोठवून, लिंबू-कोकम घालून, कशानेही जात नाही. चवीला, वासाला कळत नाही. पाणी लाल दिसलं तर विष आणि स्वच्छ दिसलं तर सुरक्षित, हाही गैरसमज. निखळ पाण्यातले शिंपले विषारी निघालेले आहेत. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतला जॉन कार्टर हा खलाशी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर शिनाण्यांच्या जातीचे शिंपले खाऊन काही तासांत मेला.

राज्याचा आरोग्य विभाग नमुने तपासतो आणि १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा गाठली की किनारा बंद करतो. त्यांचा शेलफिश सुरक्षिततेचा नकाशा निघायच्या सकाळी बघा, आदल्या आठवड्यात पाहिलेला चालत नाही.

गुईडकमध्ये हे विष मुख्यतः पोटाच्या गोळ्यात साठतं, मानेत कमी. म्हणून पोट नेहमी टाकून द्यायचं. पण ‘पोट टाकलं म्हणजे बंद किनाऱ्यावरचाही चालेल’ असा अर्थ काढू नका. लक्षणं काही मिनिटांपासून काही तासांत दिसतात: ओठ आणि जीभ झिणझिणणं, मग बोटं, मग तोल जाणं, श्वास जड होणं. उतारा असं औषध नाही, रुग्णालयात कृत्रिम श्वासावर ठेवून विष उतरेपर्यंत सांभाळतात. झिणझिण्या आल्या की लगेच ९११ या तातडीच्या नंबरला फोन.

१४. घरी आणल्यावर किती दिवस टिकतो?

न तुटलेला, जिवंत गुईडक ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस राहतो. गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मरतो. हवाबंद पिशवीत घालू नका, गुदमरतो. दुकानातल्या गुईडकच्या शिंपेला रबर बांधलेलं असतं ते शिंपा जास्त उघडून अंग सुकू नये म्हणून. तसं घरीही बांधा. मानेला बोट लावलं की ती थोडी तरी आक्रसली पाहिजे. लोळागोळा पडून वास येत असेल तर फेकून द्या.

१५. साफ कसा करतात?

मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, शेजारी बर्फाचं पाणी तयार ठेवा. अख्खा गुईडक १० ते १५ सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फात. यापेक्षा जास्त ठेवलात तर मांस शिजायला लागतं आणि कच्चं खाण्याचा बेत संपतो. आता पातळ सुरी शिंपेच्या आतल्या बाजूला चिकटवून फिरवा. दोन्ही टोकांचे स्नायू कापले गेले की शिंप सुटते.

आत तीन भाग दिसतील. मान, तिच्या बुडाशी अंगाचं जाड मांस, आणि तपकिरी मऊ पोटाचा गोळा. गोळा न फोडता कापून थेट कचऱ्यात. मानेवरची खरखरीत साल बुडाकडून धरून टोकाकडे ओढा, मोजा काढावा तशी अख्खी निघते. कुठे अडली तर त्या जागी पुन्हा पाच सेकंद गरम पाणी. टोकाचा गडद भाग अर्धा सेंटीमीटर छाटा.

शेवटी कात्रीने मान उभी चिरा, दोन्ही मार्ग उघडा आणि थंड वाहत्या पाण्याखाली बोटाने घासा. सगळी कचकच इथे असते. हे केलं नाही तर पुढची कोणतीही पाककृती वाया.

१६. कच्चा खावा का? आणि तिसऱ्यांसारखं सुकं जमेल का?

जपानी, चिनी आणि कोरियन पद्धतीत मान कच्चीच खातात. कुरकुरीत, किंचित गोड. तिरकी धरून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. कच्चं खाताना प्रश्न १३ मधल्या विषाशिवाय जिवाणूंचीही भीती असते. उन्हाळ्यात पाणी तापलं की व्हिब्रिओ वाढतो. तो मात्र नीट शिजवल्यावर मरतो. गरोदर बायका, म्हातारी माणसं, यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेले यांनी कच्चं टाळावं. शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर कुठल्याच रूपात नको.

सुकं जमतं, पण आपली नेहमीची सवय सोडावी लागते. तिसऱ्या शिंप उघडेपर्यंत वाफवतो, मग मसाल्यात रटरटू देतो. गुईडकची मान तशी पाच मिनिटं शिजवली तर चावता येणार नाही. म्हणून मसाला आधी पूर्ण करायचा. एका मध्यम गुईडकला दोन कांदे बारीक चिरून, अर्धी वाटी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, दोन चमचे मालवणी मसाला, हळद, मीठ बेताचंच, तीन-चार कोकमं. मसाला कोरडा होऊन तेल सुटलं की आच मोठी करा, अंगाच्या मांसाचे पातळ तुकडे घाला, एक मिनिट. मग मानेच्या चकत्या, अर्धं मिनिट. गॅस बंद, ओलं खोबरं आणि कोथिंबीर वरून. झाकण ठेवू नका, आतल्या वाफेने शिजत राहतं.

चुकून जास्त शिजलाच तर मिक्सरमधून भरड काढून बटाट्यात मिसळा आणि कटलेट करा.

१७. बाजारात इतका महाग का? आणि तो काढतं कोण?

सिॲटलच्या दुकानांत साधारण २० ते ३० डॉलर पाउंड आणि त्याहूनही वर, तेही शिंपेसकट वजनाला. बहुतेक माल जिवंतच विमानाने चीन आणि हाँगकाँगला जातो, दर तिथली मागणी ठरवते.

पाण्याखालच्या वस्तीचा शोध योगायोगाने लागला. १९६० मध्ये नौदलाचा पाणबुड्या रॉबर्ट शीट्स कीपोर्टजवळ हरवलेले टॉर्पेडो शोधत होता, त्याला तळावर गुईडकच गुईडक दिसले. व्यापारी काढणी १९७० मध्ये सुरू झाली. १८ ते ७० फूट खोलीच्या पट्ट्यात पाणबुड्या होडीवरून नळीने येणारी हवा घेत तळावर चालतो, मानेच्या शेजारी पाण्याच्या जोरदार झोताची नळी खुपसतो, वाळू पातळ होते आणि गुईडक हातात येतो. काढण्याजोग्या साठ्याच्या २.७ टक्क्यांपेक्षा जास्त वर्षाला काढत नाहीत. आकडा कंजूष वाटेल, पण उपसलेला पट्टा पुन्हा भरायला दशकं लागतात. मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, त्यातली वाळूत रुजून मोठी होणारी पिल्लं नगण्य.

यातला निम्मा वाटा मूळ रहिवाशांच्या जमातींचा आहे. १८५४-५५ च्या करारांत त्यांनी जमीन दिली पण मासेमारीचा हक्क राखला. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने माशांमध्ये आणि न्यायाधीश राफीडी यांच्या १९९४ च्या निकालाने शिंपल्यांमध्ये तो हक्क निम्म्या वाट्याचा ठरला. उरलेल्या निम्म्याचा लिलाव राज्य सरकार करतं.

१८. चीनने बंदी घातली होती ना? त्यात आर्सेनिक असतं म्हणे.

डिसेंबर २०१३ मध्ये चीनने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे दोन शिंपांचे प्राणी घेणं थांबवलं. कारणं दोन दिली होती: अलास्काच्या मालात प्रश्न १३ मधलं विष आणि वॉशिंग्टनच्या पॉव्हर्टी बेच्या मालात आर्सेनिक. २०१४ मध्ये बंदी सैल झाली. आर्सेनिक मुख्यतः मानेच्या सालीत सापडलं, आणि ती आपण सोलून टाकतो. साल न काढता सूप करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

१९. ओहोटीला किनाऱ्यावर ओळीने प्लास्टिकच्या नळ्या रोवलेल्या दिसल्या. तिथे खणलं तर चालेल का?

अजिबात नाही, ती कुणाची तरी शेती आहे. पीव्हीसीच्या तुकड्यात काही मिलिमीटरची तीन-चार पिल्लं सोडतात, खेकड्यांपासून वाचवायला वर जाळी लावतात, वर्षा-दोन वर्षांत पिल्लं खोल गेली की नळ्या काढून घेतात. पीक पाच ते सात वर्षांनी. नळ्या काढल्यावर शेत ओळखू येत नाही, खरी पंचाईत तिथे होते. शिवाय वॉशिंग्टनमध्ये ओहोटीची जमीनही खाजगी मालकीची असू शकते, समुद्रकिनारा सगळ्यांचा हे आपलं गृहीतक इथे चालत नाही. सरकारी म्हणून जाहीर झालेल्या किनाऱ्यावरच जा: हूड कनालवरचं डोसवॉलिप्स स्टेट पार्क, डकाबुश, शाइन टाइडलँड्स. तिथेही हद्दीच्या पाट्या बघा.

२०. दुकानातून जिवंत गुईडक घेतला, पण मारवेना. समुद्रात सोडला तर?

सोडू नका. मोठा गुईडक पुन्हा पुरून घेऊ शकत नाही (प्रश्न १२), म्हणजे तो मरणारच, फक्त तुमच्या नजरेआड. आणि एका पाण्यातले शिंपले दुसऱ्या पाण्यात सोडायला राज्याचा परवाना लागतो, कारण त्यांच्याबरोबर रोग आणि परके जीव जातात. दुकानदाराला तिथेच साफ करून द्यायला सांगा, बहुतेक आशियाई दुकानांत करून देतात. पोट काढलंय ना, तेवढं घरी येऊन तपासा.